आडात नव्हती, पोहऱ्यात आली

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. सुट्टीचा दिवस, बाहेर लख्ख ऊन, फुटबॉलची मॅच आणि बिनखिडकीची एक थंडगार खोली.

जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई भित्री नाही. ती कंबर कसून उभी राहिली तर भुतानेच दुसरी जागा शोधावी.

तिची नोकरी टीव्हीच्या केंद्रात. मैदानावरून मॅचचं चित्र येतं, ते घरोघरी पोचवायचं, हे तिचं काम.

आता ते चित्र असतं अवजड. तसंच्या तसं घरोघरी पाठवता येत नाही. ते दाबावं लागतं. दाबणाऱ्या पेटीला एन्कोडर म्हणतात आणि ती पेटी मोठी कंजूष असते. जे हलत नाही ते ती पुन्हा पाठवत नाही. 'मघाशी दिलंय तेच धरून बसा,' असा तिचा खाक्या. जे हलतं त्यालाच नवा वाटा. तोही मोजून. गवताला जास्त गेला की प्रेक्षकांचे चेहरे पुसट. प्रेक्षकांना गेला की बॉलला शेपूट फुटतं.

"एका ताटात सगळे जेवायला बसलेत असं समज," ताई मला म्हणायची. "एकाने दोन घास जास्त ओढले की दुसरा अर्धपोटी."

हे लक्षात ठेवा.

तिच्यासमोर चार पडदे. सगळ्यांवर तीच मॅच. डावीकडच्या पहिल्यावर मैदानातून आलेलं कोरं चित्र. दुसऱ्यावर पेटीने दाबलेलं. तिसऱ्यावर उपग्रहावरून फिरून आलेलं. आणि उजव्या कोपऱ्यात, डुगडुगत्या स्टुलावर, एक साधा घरगुती टीव्ही. लोकांना घरी काय दिसतंय ते कळावं म्हणून. पहिल्या पडद्यावर गोल झाल्यावर खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडलेले असायचे, तेव्हा त्या टीव्हीवर बॉल अजून मधल्या रेषेजवळ.

दर टप्प्याला चित्रातून काहीतरी जातं. येत काहीच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, मैदानावर कॅमेरा चालवतात. कॅमेरा तीन. कामाच्या लाइनवर ताई नवऱ्याला 'कॅमेरा तीन' म्हणायची आणि घरी 'अहो'. त्यावरून सगळे तिला चिडवायचे.

ताई त्यांची दुसरी बायको.

पहिली आजारपणात गेली, ताईच्या लग्नाच्या कितीतरी आधी. ताईला सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पचणं वेगळं.

मॅचच्या आधी प्रत्येक कॅमेरावाला कुठल्यातरी स्थिर वस्तूवर फोकस लावून पाहतो. कोणी गोलाचा खांब धरतो, कोणी जाहिरातीची पाटी. भाऊजी नेहमी समोरच्या स्टँडमधली एक रिकामी खुर्ची धरायचे. दर मॅचला तीच. मग कानातल्या हेडफोनवर त्यांचा आवाज यायचा.

"फोकस मिळाला."

इतका मऊ आवाज त्यांनी घरी कधी लावला नव्हता.

ताईने एकदा सहज विचारलं, हे नेहमी तीच खुर्ची का धरतात? शेजारच्या टेबलावरचे काका जुने इंजिनियर. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे उत्तर अवघड होतं.

"ती बसायची तिथे," ते म्हणाले. "कॅमेरावाल्यांच्या घरच्यांना एक पास मिळतो ना, त्यावर. ती गेल्यापासून तो पास त्याने कोणालाच दिला नाही."

"मला तरी कुठे दिलाय?"

"अगं, तू मॅचच्या वेळी इथे असतेस."

"विचारलं तरी असतं."

त्या दिवसापासून ती खुर्ची ताईच्या डोळ्यांत खुपायला लागली. भाऊजींच्या कपाटात तळाशी पहिलीचा एक फोटो होता, तोही तिने शोधून काढला. मोहरी रंगाचा स्वेटर. पांढरी बटणं, पण वरचं एकच निळं. तुटलेलं असणार, मिळालं ते लावलं असणार.

"जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात," ताई मला म्हणाली होती. "मेलेलीचं करायचं काय?"

मी हसले होते. ती हसत नव्हती.

तर ती दुपार.

मॅचच्या आधीची तपासणी चालू होती. कॅमेरा एक झाला, दोन झाला. तीन आला. पहिल्या पडद्यावर तीच खुर्ची. रिकामी. दुसऱ्यावर रिकामी. तिसऱ्यावर...

तिसऱ्यावर खुर्चीत एक डाग होता.

ताईने पडदा बाहीने पुसला. डाग गेला नाही.

"फोकस मिळाला," कानात भाऊजी म्हणाले. चित्र बदललं. कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बघायचं राहून गेलं.

मॅच सुरू झाली. स्टँड खच्चून भरलेलं. थोड्या वेळाने एक खेळाडू पाय धरून खाली पडला. डॉक्टर धावले, खेळ थांबला. अशा वेळी प्रेक्षक दाखवतात. मैदानावरच्या दिग्दर्शकाने कॅमेरा तीन घेतला.

गर्दीत ती एकच रिकामी खुर्ची.

पहिल्या पडद्यावर, रिकामी.

दुसऱ्यावर, तोच डाग.

तिसऱ्यावर, खांदे आणि मान.

ताईची मान आपोआप उजवीकडे वळली...

टीव्हीवर एक बाई बसली होती.

मोहरी रंगाचा स्वेटर. आजूबाजूचे लोक उठत होते, हात हलवत होते, त्यांचे चेहरे नेहमीसारखे पुसट. ती हलत नव्हती. आणि तिचा केस न् केस दिसत होता. स्वेटरची वीण दिसत होती. वरच्या निळ्या बटणात ओवलेला पांढरा दोरा दिसत होता.

त्या टीव्हीवर एरवी खेळाडूच्या पाठीवरचं नावही धड वाचता येत नाही.

ताईने बटण दाबलं. "कॅमेरा तीन, त्या खुर्चीत कोण बसलंय?"

हेडफोनमधला गर्दीचा आवाज एकदम बंद झाला. नुसती शांतता. मग भाऊजींचा आवाज, अगदी जवळून.

"कोणी नाही."

पण कॅमेरा तिथून हलला नाही.

आपली पाचावर धारण बसली असती. ताईला भीती वाटलीच नाही. नंतर मला सांगताना ती हे पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कारण टीव्हीवरची बाई सरळ कॅमेऱ्यात बघत होती. म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. हक्काने, घरच्यासारखी.

"माझा नवरा आहे तो," ताई मोठ्याने म्हणाली.

आणि तिने जे केलं ते फक्त तिच्या धंद्यातलीच बाई करू शकते. तिने वाटा कापला. एन्कोडरचा आकडा खाली ओढला. चित्र इतकं दाबायचं की चेहऱ्याचा नुसता लगदा व्हावा.

दुसऱ्या पडद्यावरचं चित्र लगेच फुटलं. नुसते चौकोन. तिसऱ्यावरचं फुटलं. ताई टीव्हीकडे बघत थांबली. तिथे सगळं उशिरा पोचतं.

आलं.

माणसांचे चौकोन झाले. पायऱ्या, कठडे, आकाश, सगळ्याचे चौकोन झाले.

ती तेवढी राहिली.

आधीपेक्षा स्वच्छ. खालच्या ओठावरची भेग दिसावी इतकी स्वच्छ. इतरांच्या तोंडचा घास जणू तिच्याच पानात पडत होता.

फोन वाजायला लागले. घरोघरी चित्र फुटलं होतं. ताईने आकडा आणखी खाली ओढला. ती बाई आणखी ठसठशीत झाली. आणि मग...

तिने नजर हलवली.

कॅमेऱ्यावरून काढली आणि किंचित डावीकडे नेली. जिथे ताई बसली होती, तिथे.

काकांनी ताईचा हात धरून बाजूला केला आणि आकडा वर नेला. "वेड लागलंय का तुला? अख्ख्या देशाचं चित्र गेलंय."

चित्र परत आलं. खुर्ची रिकामी होती, चारही पडद्यांवर. काकांना काहीच दिसलं नव्हतं. त्यांना दिसले ते फक्त चौकोन.

ताईला लेखी समज मिळाली. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने भाऊजींना तोंडावर सांगितलं, "अहो, मला तो पास हवाय. ती खुर्ची माझी आहे."

भाऊजी उठले, पाकिटातून पास काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

हे सगळं ताईने मला पुढच्या मॅचच्या आदल्या दिवशी सांगितलं. सुट्टी टाकली होती तिने. नवा लाल कोट घेतला होता. "आता त्या खुर्चीत मी बसणार," म्हणाली. "मी हाकलली तिला. उद्या टीव्ही बघ हं. हे मला दाखवणार आहेत."

मी बघितला. माझ्या घरी, माझ्या साध्या टीव्हीवर. दुपारीच.

पहिला गोल झाला आणि कॅमेरा स्टँडकडे वळला. लोक नाचत होते. मी लाल कोट शोधत होते.

सापडला.

लाल चौकोन होते. मूठभर. वर दोनचार फिकट चौकोन, जिथे चेहरा हवा. आजूबाजूचं सगळं ठीक होतं. फक्त ताईच्या जागी चित्र फुटलेलं.

आणि शेजारच्या खुर्चीत...

मला निळं बटण दिसलं. त्यातला दोराही दिसला.

टीव्हीचा आवाज बंद पडला होता की मलाच ऐकू येत नव्हतं, सांगता येणार नाही. मी रिमोट शोधेपर्यंत चित्र बदललं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"बघितलंस ना मला? काका लाइनवर होते, त्यांनी कळवलं. यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, 'फोकस मिळाला.' त्याच आवाजात. अगदी त्याच मऊ आवाजात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेजारच्या खुर्चीवर कोणी आलंच नाही बघ. पर्स ठेवायला बरी पडली. जरा गार होती तेवढीच." मग धंद्याची सवय, तिने विचारलं, "चेहरा स्वच्छ आला होता ना गं?"

"हो," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ."

तेवढं खोटं मी बोलले नाही. फक्त कोणाचा, ते सांगितलं नाही.

ताई आता दर मॅचला जाते. भाऊजी घरीही तिच्याशी मऊ बोलतात म्हणे, फक्त बोलताना तिच्या शेजारी बघतात. त्यांची नजर अधू झाली असेल, असं ती म्हणते. चष्म्याचा नंबर काढायला सांगितलंय.

मी मॅच बघणं सोडलं आहे. घरात कोणी लावलीच, तर मी दुसऱ्या खोलीत बसते आणि फक्त आवाज ऐकते. गोल झाला की गर्दी ओरडते, आणि मग मी तो आवाज अचानक थांबतो का, याची वाट बघते.