ढोलीसमोरची फांदी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या घरात हे घडलंय. सुरुवात झाली याच मंगळवारी, संध्याकाळी दिवेलागणीला, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

दादा पक्ष्यांचे फोटो काढतो. नवख्यांना नियम शिकवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. घरट्याला खेटायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, आडोशाचं पानही हलवायचं नाही.

पण गेल्या आठवड्यात एका फोटोस्पर्धेची मुदत संपत आली होती. झाडाच्या ढोलीत घुबडाची दोन पिल्लं होती आणि नेमकी एक फांदी मध्ये येत होती. दादाने ती छाटली. फोटो झकास आला.

दुसऱ्या दिवशी ढोली रिकामी. उघड्यावर पडलेली पिल्लं कावळ्यांनी उचलली होती. मादी तारेवर बसून दादाकडे एकटक बघत होती. हा घरी आला आणि फोटो स्पर्धेला पाठवून मोकळा झाला. मला त्याचा राग आला होता. अजूनही आहे.

मंगळवारी वहिनीने आठ महिन्यांच्या चिमीला निजवलं आणि खिडकीचा पडदा ओढला.

पाच मिनिटांनी पाहिलं तर... पडदा जमिनीवर.

बुधवारी मच्छरदाणी... वरपासून खालपर्यंत फाटलेली.

गुरुवारी खिडकीची झडपच गायब. खाली रस्त्यावरही सापडली नाही.

आवाज एकदाही झाला नाही. घुबडाच्या पंखांचा होतच नाही, असं म्हणून दादा रडायला लागला.

मग त्याने कॅमेरा काढला. बॅटरी कधीची बाहेर होती. तरी आत... तीन नवे फोटो.

तिन्ही झोपलेल्या चिमीचे. बाहेरून काढलेले. मध्ये काहीच येत नव्हतं.

"तुम्ही तिच्या पिल्लांचा आडोसा काढलात," वहिनी त्याला एवढंच म्हणाली आणि काल लेकीला घेऊन माझ्याकडे आली. मी खिडकीला लोखंडी कपाट लावलं.

मघाशी दादाचा फोन आला.

"चिमीला खाली ठेवू नकोस. चौथा फोटो आलाय."

कशाचा, मी विचारलं.

"रिकाम्या पलंगाचा. चादर तुझ्या घरची आहे."

चिमी माझ्या मांडीवर आहे. वहिनी दाराला पाठ लावून बसली आहे. मी हे घाईघाईने लिहितोय, कारण कपाट...

आत्ताच बाजूला सरकलं. आवाज झाला नाही.