कंपनी आली की सिग्नल येतो

प्रेमाला कोणतेही बंधन मान्य नसते. ते काळाला जुमानत नाही, अंतराला जुमानत नाही, घरच्यांना तर मुळीच जुमानत नाही. मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारापुढे मात्र ते मुकाट्याने टोकन घेते आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहते.

त्या दिवशी डॉक्टरही टोकन घेऊन बसली होती. डॉक्टर जनावरांची. खालच्या मजल्यावर दवाखाना, वरच्या मजल्यावर ती आणि तिची आत्या, आणि दोन्ही मजल्यांवर सिग्नलचा पत्ता नाही. अख्ख्या घरात फोन लागायची जागा एकच होती. स्वयंपाकघरात स्टूल, स्टुलावर डॉक्टर आणि डॉक्टरचे डोके खिडकीबाहेर. त्या अवस्थेत ओरडून ओरडून तिने कितीतरी अडलेल्या गाई सोडवल्या होत्या. समोरच्या घरातली माणसे एव्हाना या विषयात सहज पास झाली असती.

नंबर लागला तशी ती काउंटरवर गेली.

"मॅडम, नकाशात तुमच्या घरी सिग्नल फुल आहे," काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"असेल हो. पण मी नकाशात राहत नाही, घरात राहते."

"मग करार संपला की दुसऱ्या कंपनीत जा ना."

"नंबर घेऊन आत्ताच जाते."

"नंबर करारात अडकलाय, मॅडम."

नंबर सोडणे शक्य नव्हते. तो दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेला होता आणि आसपासच्या प्रत्येक जनावरवाल्याला तोंडपाठ होता. डॉक्टर संतापून गर्रकन वळली. मागे कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक तरुण उभा दिसला आणि तिने मनातले सगळे त्याच्यावर ओतले. स्टूल, खिडकी, गाई, आत्या, सगळे. तो निमूटपणे ऐकत राहिला. या कंपनीत आपले पहिल्यांदाच कोणीतरी पूर्ण ऐकून घेतले असे तिला वाटले. खरे कारण असे, की त्याच्या तोंडात पाणी होते.

ते गिळून झाल्यावर तो म्हणाला, "मी... खरं तर पाणी प्यायला आलो होतो."

"प्यालात ना? आता बोला."

तो सिग्नल मोजणारा होता. मशीन घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे आणि कुठे किती सिग्नल येतो ते कळवायचे, हे त्याचे काम. त्याने आवाज खाली आणला. कंपनीच्याच माणसाने घरी येऊन मोजले आणि सिग्नल नाही असे निघाले, तर करार आपोआप रद्द होतो. हा नियम काउंटरवर कोणी सांगत नाही. त्याने का सांगितला? तर तिचे डोळे. रागाने लाल झाले होते खरे, पण होते मात्र सुरेख.

दुसऱ्याच दिवशी तो खांद्याला बॅग लावून तिच्या घराच्या पायऱ्या चढला. दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच आत्याचा फोन खणखणला. दूर राहणाऱ्या बहिणीचा होता. आत्या फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेली ती गेलीच. पाठोपाठ डॉक्टरचा फोन टुणटुणू लागला आणि त्याच्या मशीनवर तर सगळ्या रेघा उभ्या राहिल्या.

"आत्तापर्यंत नव्हतं हो!" डॉक्टर रडकुंडीला आली.

"असं सगळेच म्हणतात."

तो गेला. कोपऱ्यावरून वळला आणि सिग्नल गेला. डॉक्टर स्टुलावर चढली आणि खिडकीतून डोके काढून तिने त्याला फोन लावला.

"गेलं!"

"मी... परत येऊ?"

"नाहीतर काय, मी येऊ तुमच्याकडे?"

तो परत आला. सिग्नलही परत आला. मग तो सकाळी येऊन बघू लागला, दुपारी येऊन बघू लागला, भुरभुर पावसात एकाच छत्रीखाली तिला घेऊन घराभोवती फिरून बघू लागला. छत्री लहान होती. सिग्नल कसा येतो ते दोघांच्याही ध्यानात राहिले नाही, पण येत होता.

तिने त्याचे नाव 'कंपनी' ठेवले होते. "या, कंपनी. बसा, कंपनी. चहात साखर किती, कंपनी?" समोरच्या खुर्चीत एखादा आजारी ससा मांडीवर घेतलेला माणूस बसलेला असे, तोही आता त्याला कंपनीच म्हणू लागला होता.

"खरं सांगा," ती एकदा म्हणाली, "खिशात घालून आणता ना सिग्नल?"

"माणसं फुलं आणतात, डॉक्टर."

"मग एकदा फुलं आणून बघा. काय फरक पडतो ते कळेल."

त्याने आणली. फरक पडला. ती लाजली, आणि तेवढ्या वेळात सशाने निम्मी फुले खाल्ली.

आत्याचे मत केव्हाच बनले होते. "मुलगा भला आहे," ती म्हणे. "आवाज किती स्वच्छ येतो!"

एका संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या बसल्या डॉक्टरने मात्र वेगळेच सांगितले. महिन्यापूर्वी एका आजोबांच्या कुत्र्याने उंदराचे औषध खाल्ले होते. आजोबा सकाळभर फोन लावत राहिले आणि फोनमधली बाई त्यांना सांगत राहिली की ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. शेवटी ते कुत्र्याला हातांवर उचलून चालत आले.

"मी इथेच होते," ती म्हणाली. "इथे, या पायरीवर. पेपर वाचत होते."

"कुत्रा... वाचला का?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने हात पुढे केला, अर्ध्यावर नेला आणि परत आणून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

सिग्नल आपण आलो की का येतो, याचे कारण त्याने मनाशी ठरवून टाकले होते. विज्ञानाला न कळलेले काहीतरी असते, दोन जिवांच्या मधले. हे कारण त्याला इतके आवडले होते की दुसरे शोधायची गरजच वाटली नव्हती. पण एके दिवशी तो कामावरून घरी आला, बॅग खुंटीला अडकवली, आणि आई आतून म्हणाली, "काय रे, तू घरात आलास की माझा फोन लागतो. गेलास की बंद. असं कसं?"

आईच्या बाबतीत त्याचे कारण लागू पडेना.

त्याने बॅग उघडली. तळाशी सिग्नल वाढवणारा डबा होता. गिऱ्हाइकांना दाखवून विकायला म्हणून कंपनीने तो दिलेला, आणि मागितला की लगेच दाखवता यावा म्हणून कायम चालू ठेवायचा, असा हुकूम. त्याचा हिरवा दिवा इमानाने लुकलुकत होता. शेजारच्याच कप्प्यात मोजायचे मशीन. ज्या बॅगेत सिग्नल मोजायचा त्याच बॅगेतून सिग्नल वाटत हिंडायचे, ही कल्पना एकट्यादुकट्या माणसाला सुचत नाही, त्यासाठी मोठी कंपनीच लागते. तो जिथे जिथे गेला होता तिथे तिथे सिग्नल फुल निघाला होता. नकाशा त्यावरूनच रंगवलेला होता.

तो खाटेवर बसून राहिला. सांगितले, की करार रद्द. ती नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाणार आणि आपल्याला त्या पायऱ्या चढायला काही निमित्तच उरणार नाही. नाही सांगितले, तर येणे-जाणे, चहा, छत्री सगळे चालू. फक्त डबा चालू ठेवायचा. एवढे सोपे. मग त्याच्या डोळ्यांपुढे हातांवर कुत्रा घेऊन चालणारे आजोबा आले आणि ते काही केल्या जाईनात.

दुसऱ्या दिवशी तो आधी ऑफिसात जाऊन आला आणि मग दवाखान्यात गेला. डॉक्टर टेबलावर एक धिप्पाड शेळी घेऊन उभी होती. शेळीच्या खुरात खिळा घुसला होता आणि मालक बाहेर जाऊन बसला होता, कारण त्याला बघवत नव्हते.

"या, कंपनी!"

त्याने बॅग उघडली, डबा बाहेर काढला आणि तिच्यासमोर बंद केला. हिरवा दिवा गेला. वर आत्याचा आवाज ऐकू आला, "हॅलो? हॅलो?" त्याने मशीन पुढे धरले. एकही रेघ नव्हती.

मग त्याने सगळे सांगितले. अडखळत, पण सगळे.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारले.

"काल."

"काल? मग कालच सांगायला का नाही आलात?"

"विचार करत होतो... लपवावं का."

"का लपवणार होतात?"

तो खिळ्याकडे बघत म्हणाला, "इथे यायला मिळालं असतं."

शेळी तेवढी बेंबें करत राहिली.

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. तुमचा करार रद्द. साहेब म्हणाले, सगळा नकाशा बदलायचा म्हणजे फार काम. त्यापेक्षा माणूस बदलणं सोपं, ते बघतो म्हणाले."

"म्हणजे नोकरी...?"

"बघतोय म्हणाले ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग यायला हवा होता, तिने थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही. गालावरची बट मागे सारायची होती, पण दोन्ही हात शेळीत गुंतलेले होते. त्याने हात पुढे केला. या वेळी अर्ध्यावर थांबला नाही. बट कानामागे गेली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी असाच आलो तर... म्हणजे सिग्नल न आणता... चालेल?"

"आत्याला नाही चालणार."

"आणि तुम्हाला?"

"मला..." तिने मान खाली घातली. "मला तुम्ही सिग्नलसकट आलात तेव्हाही सिग्नलचं फारसं काही वाटत नव्हतं."

त्याचा ऊर भरून आला. कित्येक दिवस मनात जुळवून ठेवलेली वाक्ये एकदम ओठांवर आली. त्याने शर्टाची बटणे सारखी केली आणि तिच्या डोळ्यांत बघितले.

"डॉक्टर, मला आयुष्यभर तुमच्या—"

"ऐकतेय मी," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सगळं ऐकणार आहे. पण आधी हिचे मागचे पाय जरा घट्ट धरा."