भांग पाडलेल्या चुका

त्याग हा मानवी जीवनाचा कळस आहे. मात्र ज्या घरावर तो कळस चढतो, त्या घरात त्यागमूर्तीला कपडे ठेवायला सहसा स्वतंत्र कपाट मिळत नाही. आत्याचे कपडे दोन वर्षं शिलाई मशीनखालच्या बॅगेत होते, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी भावाने ती बॅग पायाने जरा पुढे सरकवली तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं!

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. रागावला की ओरडत नसे. दोन मजल्यांमध्ये अडकल्यासारखा गप्प होई, आणि घरातली सगळी माणसं आत कोंडली जात. आजही तो तसाच गप्प बसला होता... जेवणाच्या टेबलावर मिरीचा, म्हणजे त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचा, गणिताचा पेपर पसरून.

दहा भागाकार. दहाही चुकलेले. सलग चौथ्या शुक्रवारच्या चाचणीत.

मिरी मोठ्या आजारपणातून उठली तेव्हापासून घरात ही पद्धत होती: मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा, उरलेले दिवस घरी, आत्यापुढे अभ्यास. त्यासाठी आत्याने छापखान्यातली प्रूफं तपासायची वीस वर्षांची नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली, आणि "मला काय, चुका इथे काढल्या काय नि तिथे काय," असं म्हणून ती हसली होती. ते हसू मात्र कुणी तपासून पाहिलं नाही.

"ताई, घरी सगळं बरोबर सोडवते म्हणतेस," भाऊ अखेर बोलला. "मग शाळेत जाताना वाटेत सांडतं का?"

"घरी दहापैकी दहा असतात रे..."

"बाईंनी लिहिलंय, घरचा अभ्यास कच्चा आहे. सोमवारपासून मी शिकवणी लावतोय. तू आता... सुटलीस."

सुटलीस! केवढा हलका शब्द, आणि केवढा खोल त्याचा घाव! दारात मिरी उभी होती, चेहरा खडूसारखा पांढरा. त्या चेहऱ्याचं आत्याला भय वाटलं. महिनाभर वाटतच होतं. गुरुवार उजाडला की पोरीचा घास घशाखाली उतरत नसे, झोपेत ती आकडे पुटपुटे, आणि काय झालं विचारलं तर म्हातारीसारखी म्हणे, "तू नको काळजी करूस. मी बघते." एवढंसं मूल नक्की काय बघत होतं?

आत्याने पेपर पुढ्यात ओढला. नोकरी सोडता आली होती. नजर सोडता आली नव्हती. चौऱ्याऐंशी भागिले चार, बावीस. शहाण्णव भागिले आठ, तेरा. पंचाहत्तर भागिले पाच, सोळा... तिचं बोट थबकलं. वीस वर्षांत तिने लाखभर चुका पाहिल्या होत्या. खरी चूक गबाळी असते. केस पिंजारून कुठूनही घुसते. या चुका भांग पाडून ओळीत उभ्या होत्या! प्रत्येक उत्तर खऱ्या उत्तराहून बरोबर एकाने जास्त. इतकं नेमकं चुकायला आधी खरं उत्तर यावं लागतं.

आता तोंड उघडलं तर तिच्यावरचा ठपका जाणार होता, पण पोर खोटारडी ठरणार होती. मिटलं, तर फक्त बॅग उचलायची. आत्याने पेपराची घडी घातली.

"चूक माझीच आहे," ती शांतपणे म्हणाली. "भागाकार मुळात मलाच..."

"खोटं बोलतेय ती!" मिरी किंचाळली. "मी मुद्दाम लिहिलं! बाबा, तुम्हीच आईला म्हणालात ना, ही वर्गाच्या बरोबरीला आली की ताईचं इथलं काम संपलं, तिने मग आपली खोली बघावी... म्हणून मी बरोबरीला आलेच नाही!"

भावाने घडी उलगडली आणि ओठ हलवत, बोटांवर मोजत, दहाही भागाकार स्वतः करून पाहिले. यंत्रावरचा माणूस, खात्री केल्याशिवाय तो कोसळत नाही. खात्री झाल्यावर कोसळला.

"ताई... मी म्हणालो होतो तसं. थट्टेत नाही गं, खरंच म्हणालो होतो."

"माहीत आहे मला. भिंती पातळ आहेत तुझ्या." आत्याने मिरीला छातीशी घट्ट धरलं. "आणि तू गं, वेडाबाई! तुझ्या या पराक्रमाने मी उलट लवकरच निघाले होते की! ते काही नाही. सोमवारपासून रोज शाळा. उत्तर असेल तेवढंच लिहायचं."

"मग तू?"

आत्याची नजर शिलाई मशीनकडच्या बॅगेकडे गेली...

"ती इथेच राहील," भाऊ फुटक्या आवाजात म्हणाला. "काम असो, नसो. बहीण म्हणजे काय कंत्राट आहे का, मुदत संपायला?"

आणि मग अश्रूंचा बांधच फुटला! भाऊ रडला, बहीण रडली, मिरी तर हुंदके देता देता हसू लागली. भावजय इतका वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली. तिचेही डोळे भरले होते, ओठ थरथरत होते. तिच्या तोंडून आता क्षमेचा कोणता शब्द निघतो, म्हणून तिघांनी श्वास रोखला.

"वन्सं," ती म्हणाली, "रडता रडता ती खिडकी तेवढी लावून घ्या. डास येतायत."