चतुर्दशीचं मौन

जयसिंगपूरच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत आता हातशाळा भरते. तंबाखू जाऊन कैक वर्षं झाली, तरी शनिवारी सकाळी शटर वर गेलं की पहिली शिंक ठरलेली. हातशाळा म्हणजे गावाची सामाईक कार्यशाळा. आठवड्याच्या सुट्टीत यायचं, लेथ, करवत, वस्तू छापणारं यंत्र, जे लागेल ते वापरायचं आणि डोक्यात असेल ते करून बघायचं. एका कोपऱ्यात दोन मास्तर दुर्बिणीची काच घासत असत. दुसऱ्या कोपऱ्यात मुली मोडक्या पंख्यांची पवनचक्की जुळवत. मधोमध नेमगोंडा चौगुले शिलाई मशीनवर पत्रावळी शिवायचा प्रयोग करी, आणि मशीन इमानेइतबारे पानं फाडून ठेवी.

"पत्रावळ जमंना तर द्रोण म्हणून खपवा, काका!" कुणीतरी ओरडे.

"द्रोण कुठला? चटणी झालीय चटणी," तो स्वतःच हसे.

त्या शनिवारी सुजाता मगदूम नवऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत आत आली, तेव्हा नेमगोंडानं मशीन थांबवलं. खुर्चीत बसलेला भरतेश त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि मानेखालचं शरीर गेलं, वाचा गेली. कान शाबूत होते, बुद्धी शाबूत होती. 'हो' म्हणायचं असलं की तो डोळे मिटायचा. 'नाही' असलं की नुसता बघत राहायचा. घर त्यावरच चाललं होतं. पण डोळ्यांनी विचारलेल्याचंच उत्तर देता येतं. जे कुणी विचारतच नाही, ते तसंच आत राहतं.

"या काकी," ईश्वरीनं खुर्ची आपल्या टेबलाशी घेतली. ही पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेली मुलगी. वर्षभर ती एकाच वस्तूमागे होती. तिनं ती सुजाताच्या हातावर ठेवली. मऊ, कातडीच्या रंगाची, बोटभर रुंद पट्टी.

"हिला मी कंठपट्टी म्हणते. माणूस मनात बोलतो ना काकी, तेव्हासुद्धा मेंदू गळ्याला, जिभेला बारीक हुकूम सोडत असतो. जीभ हलत नाही, पण हुकूम पोचतो. पट्टी तो हुकूम पकडते, शब्द ओळखते आणि या कर्ण्यातून बोलून दाखवते."

"यांच्या आवाजात?"

"त्यांच्याच. फोनमधले जुने निरोप दिलेत ना तुम्ही, त्यावरून आवाज तयार आहे. फक्त पट्टीला तुमच्या घरची बोली शिकवायला हवी. आज ती नुसती ऐकेल. उद्या बोलेल."

सुजातानं शनिवारचा दिवस पट्टी गळ्याला लावून काढला. ईश्वरी पडद्यावर शब्द दाखवायची, सुजाता ते मनात म्हणायची. पाणी. पाठ दुखते. पंखा लाव. अक्का आली. मधेच ईश्वरी म्हणाली, "काकी, काय स्वच्छ बोलता हो तुम्ही मनात! बाकीच्यांचं नुसतं दहीकाला असतं."

"जपाची सवय आहे गं," सुजाता संकोचून म्हणाली.

सवय खरीच होती. पहाटे उठल्यापासून तिच्या मनात णमोकार मंत्र चाललेला असे. अष्टमी-चतुर्दशीला सूर्योदय ते सूर्यास्त मौन. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही. आणि भरतेश अंथरुणाला खिळल्यापासून त्याचाही नियम तीच पाळत होती. दिवस कलायच्या आत त्याला मऊ भात भरवायचा आणि डब्याचं झाकण लावायचं, ते सकाळी उघडायचं. मुनी महाराज म्हणाले होते, आजाऱ्याला सूट असते, बाई. सुजातानं ती सूट घेतली नव्हती. जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, देवदर्शनाला आलेल्या बायका तिच्याकडे बोट दाखवून सुनांना सांगत, बघा, नवऱ्याचं पुण्यसुद्धा ही जमवते.

भरतेशनं मात्र धडधाकट असताना असला नियम कधी पाळला नव्हता. दिवेलागणीनंतर तो नेमगोंडाबरोबर स्टँडवर जाऊन कांदाभजी हाणायचा आणि तोंड पुसून घरात शिरायचा. सुजाताला वास यायचा. ती काही बोलायची नाही.

तिला एवढंच हवं होतं की त्यानं एकदा तिचं नाव घ्यावं. उपसलेली घाण, बदललेल्या चादरी, अंगाला फोड येऊ नये म्हणून तासातासाला वळवलेली कूस, या सगळ्याच्या बदल्यात एकदा 'सुजाता' म्हणावं. ते ऐकायला ती आली होती.

रविवारी चतुर्दशी होती. ती मौन धरूनच हातशाळेत आली. मागोमाग तिची थोरली नणंद रत्नक्का, बस्तीतल्या चार बायकांना घेऊन.

"माझा भाऊ बोलणार आज," रत्नक्का दारातूनच सांगत आली. "आधी मलाच हाक मारतो बघा. हिचं काय, हिचं तोंड तर रोजच बघतोय."

दारावर हातशाळेचा नियम रंगवलेला होता: आजाऱ्यासाठी केलेली वस्तू आधी धडधाकटानं चारचौघांत वापरून दाखवायची. पट्टी सुजाताची बोली शिकलेली, तेव्हा दाखवायचीही तिनंच.

"पण हिचं मौन आहे आज," रत्नक्का म्हणाली. "मोडंल की!"

"नाही मोडणार, अक्का. तोंड उघडायचंच नाहीये. काकी मनात मंत्र म्हणतील, तेवढाच ऐकवायचा."

सुजातानं मान डोलावली. मौन वाचेचं असतं. मनाला तर कुणी कुलूप लावत नाही.

दुपार उतरली तशी सगळी कामं थांबली आणि माणसं टेबलाभोवती गोळा झाली. ईश्वरीनं सुजाताच्या हनुवटीखाली पट्टी चिकटवली, कर्णा चालू केला. क्षणभर खरखर झाली.

"णमो अरिहंताणं. णमो सिद्धाणं."

सुजाताचाच आवाज. ओठ मिटलेले आणि आवाज वखारीभर. बायकांनी हात जोडले. रत्नक्कानं पदर डोळ्यांना लावला. दोन्ही मास्तर आ वासून उभे राहिले.

मंत्र संपून पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात भरतेशच्या ओठाच्या कडेनं लाळ ओघळली. सुजाता सवयीनं वाकली, रुमालानं त्याची हनुवटी पुसू लागली.

"णमो लोए सव्वसाहूणं. मर की रे एकदाचा. णमो अरिहंताणं. किती पुसायचं. किती वर्षं अजून. मर की. णमो सिद्धाणं."

कुणीतरी चुकून हसलं.

जपमाळेत दोन मण्यांमध्ये गाठ असते, तशी ती ओळ मंत्राच्या मधे बसलेली होती. तिथं ती कधी बसली, सुजाताला सांगता आलं नसतं. इतकी जुनी झाली होती की तिची तिलाही ऐकू येत नसे. आयुष्यभर जिनं नवऱ्याला अहो-जाहो केलं, तिचाच हा आवाज, निवांत, बिनरागाचा, भाजी निवडताना बोलावं तसा.

तिनं मंत्र घट्ट धरून ठेवायला पाहिलं. पण मनाला गप्प म्हणायचं तर तेही मनातच म्हणावं लागतं.

"मंत्र म्हण, मंत्र म्हण," कर्णा बोलत होता. "ऐकतायत सगळे. हे ऐकतायत. बंद कर गं ईश्वरी, बंद कर. बघ कसा बघतोय. मर. नको. नको म्हणतेय ना. मर."

ओरडून बंद करायला सांगावं, तर मौन मोडणार. तेवढ्यातही तिनं दात आवळून धरले. मग दोन्ही हातांनी पट्टी ओरबाडली. पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघाला आणि कर्णा बंद पडला.

भरतेशचे डोळे तिच्यावर होते. ते मिटले नाहीत.

"काहीतरी बिघडलंय," ईश्वरी घाईघाईनं म्हणाली. "पट्टी अंदाजानं शब्द लावते, चुकते कधी कधी. आजचं राहू दे. आपण पुन्हा..."

"काय बिघडलेलं नाही," रत्नक्का पुढं झाली. "मंत्र म्हणत होती तवर बरं होतं की ते! आता माझ्या भावाला घाल."

"अक्का, आज नको."

"तुमचाच नियम आहे ना दारावर? धडधाकटाचं झालं. आता आजाऱ्याचं होऊ दे. भरतेश, घालू का रे?"

भरतेशनं डोळे मिटले.

त्याच्या गळ्याचे हुकूम क्षीण होते. ईश्वरीला पट्टी दोनदा सरकवावी लागली, दाढीचे खुंट काढावे लागले, यंत्राचा कान आणखी तिखट करत न्यावा लागला. कुणी घरी गेलं नाही. कुणी सुजाताकडे बघितलंही नाही. ती खुर्चीमागे उभी होती, शेजारच्या फळीवर मऊ भाताचा डबा उघडा होता. भरवायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. वरच्या झरोक्यातलं ऊन भिंतीवर चढलं, तांबडं झालं, पत्र्यापाशी जाऊन विझलं.

सुजातानं झरोक्याकडे पाहिलं. आणि सवयीनं डब्याचं झाकण लावलं.

भरतेशची नजर त्या झाकणावर गेली.

"भू," कर्णा म्हणाला.

सगळे पुढे सरकले.

"भूक." आवाज भरतेशचाच होता, थोडा घोगरा, स्टँडवरून हाक मारावी तसा. "भूक लागलीय."

"बोलला! बोलला गं माझा भाऊ!" रत्नक्का रडायला लागली. मग रडतारडताच झरोक्याकडे बघून म्हणाली, "पण दिवस बुडाला रे राजा. आता सकाळी."

"रोज लागते," कर्णा म्हणाला. "रात्रभर. रोज."

बायकांतली एक खाली बघू लागली. नेमगोंडा जवळ आला, खुर्चीपाशी उकिडवा बसला. त्यानं वर्षानुवर्षं विचारलेलं तेच विचारलं.

"भजी आणू काय रे?"

भरतेशनं डोळे मिटले. त्याला घोटभर पाण्याचाही ठसका लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डोळे उघडले तेव्हा ते सुजाताला शोधत होते. ती समोर आली.

"सुजाता," कर्णा म्हणाला.

तीन वर्षं जे ऐकायला ती जगली होती, ते हेच. 

"मी मरावं म्हणून उपाशी ठेवतेस होय गं?"

सूर्य मावळला होता. मौन सुटलं होतं. आता तिला बोलायला काही आडकाठी नव्हती.

"नाही," ती म्हणाली. दिवसभर मिटलेला घसा फाटल्यासारखा आवाज आला. "नाही हो. नियम होता. तुमच्या भल्यासाठी पाळत होते मी. देवाशप्पथ, नाही हो."

तिनं झाकण उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा सूर्यास्तानंतर तिच्या हातात भाताचा चमचा होता. तिनं तो त्याच्या ओठांशी नेला.

त्यानं तोंड उघडलं नाही. भुकेल्या माणसानं दात घट्ट मिटून घेतले आणि तो चमच्याकडे असा बघत राहिला, जणू त्यात काय कालवलंय ते त्याला ओळखायचं होतं. भात गार होता. एक शीत त्याच्या सदऱ्यावर पडलं.

"नाही म्हणते!" रत्नक्काचा आवाज आता कोरडा होता. "तोंडानं काय, कुणी काहीबी म्हणतंय. सकाळ-संध्याकाळ मंत्रही म्हणत होतीसच की. खरं असंल तर पट्टी घाल आणि मग सांग."

"अक्का, असं नका करू," ईश्वरी म्हणाली. "मी यासाठी नाही केलेली ती."

"मग कशासाठी केलीस? खरं बोलायला लावतीय ना ती?" रत्नक्का भावाकडे वळली. "काय रे, घालू दे का तिला? तुलाबी ऐकायचंय ना?"

भरतेशनं डोळे मिटले. इतके घट्ट, की कुणाला शंका राहू नये.

सुजातानं चमचा डब्यात ठेवला. ओरबाडलेल्या गळ्याची आग होत होती. तिनं मनात 'नाही' म्हणून पाहिलं. शब्द स्वच्छ उमटला. पण त्याच्या आधी काहीतरी येऊन गेलं का? तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा कान देऊन ऐकलं. मंत्राच्या दोन ओळींमध्ये काय दडलेलं असतं, ते तिला कालपर्यंत कुठं ऐकू येत होतं? मग आज 'नाही'च्या अलीकडे काही नाही, हे ती कशाच्या बळावर सांगणार होती?

पट्टी एकच होती. सुजाताला उत्तर द्यायचं तर ती आधी भरतेशच्या गळ्यावरून काढावी लागणार होती.

ती वाकली. तिची बोटं त्याच्या हनुवटीखाली पोचली, आणि पट्टीची कड उचलताच कर्ण्यातून त्याचा आवाज घाईनं आला, "थांब. आधी..."

तिचा हात तसाच राहिला. आजूबाजूची माणसं वाट बघत होती. कड सोडून त्याचं ऐकायचं, की पट्टी ओढायची?