दोन घरची आंघोळ

ठकीच्या अंगाला परक्या साबणाचा वास येत होता.

आपल्या चष्म्यांच्या दुकानात बसून चष्मेवालीने मांजरीला पुन्हा हुंगून पाहिलं. रविवार म्हणून सकाळी दहाला तिने स्वतः लव्हेंडरच्या शाम्पूने आंघोळ घातली होती आणि बदल्यात मनगटावर तीन ओरखडे घेतले होते. आता दुपारी एकला ठकी पुन्हा ओली, आणि वास कपडे धुण्याच्या पिवळ्या वडीचा.

"कुठे गेली होतीस?" तिने करड्या आवाजात विचारलं.

"नवऱ्याचे सदरे हुंगणाऱ्या बायका पाहिल्यात मी," आत्या चहा ढवळत म्हणाली. "तुझं आपलं मांजरावर भागतंय."

पुढच्या रविवारी आंघोळ उरकताच चष्मेवाली ठकीच्या मागावर निघाली. ओल्या पावलांची रांग दुकानामागच्या भिंतीवरून थेट सुताराच्या कारखान्यात उतरली होती. आत ठकी लाकडाच्या भुशात मनसोक्त लोळत होती. अंग कोरडं करायची तिची ती रीत. उठली तेव्हा मांजर संपून भुशाची उशी सुरू झाली होती.

कानावर पेन्सिल खोचलेल्या सुताराने सुस्कारा सोडला आणि तिला उचललं. "पैलवान, दर रविवारी तुला बुडवतं तरी कोण?"

"मी," चष्मेवाली दारातून म्हणाली. "आणि पैलवान नाही, ठकी. बाई आहे ती."

सुताराने मांजरीकडे नव्या आदराने पाहिलं. "अरे देवा... दोन वर्षं मी हिच्यासमोर बनियनवर वावरतोय."

चष्मेवालीला रागवायचं होतं. पण तिला हसू आलं — आणि एकदा हसू आलं की भांडणाला पूर्वीची शान राहत नाही.

तिने धुतलं म्हणून मांजर भुशात लोळायचं, भुसा लागला म्हणून तो धुवायचा. दोघांचंही प्रेम खरं होतं. सोसत होती ती ठकी. शेवटी तह झाला. रविवारी दहा वाजता, कारखान्यात, दोघांनी मिळून एकच आंघोळ.

या तहात ठकीला कुणी विचारलं नव्हतं. पाणी दिसताच ती चारही पाय टबाच्या काठावर रोवून न मिटणाऱ्या छत्रीसारखी ताठ व्हायची. एकाने मानेमागे धरायचं, दुसऱ्याने कोमट पाणी ओतायचं, आणि ठकीने घर बुडाल्यासारखा टाहो फोडायचा. अशा वेळी दोन डोकी फार जवळ यायची. मग ठकी पाठ फिरवून बसे आणि या दोघांनी केलेलं सगळं काम जिभेने पहिल्यापासून पुन्हा करी.

तिसऱ्या रविवारी चष्मेवालीच्या लक्षात आलं, लाकडी टबाचा काठ एका जागी घासून गुळगुळीत केलाय. तिचं मनगट टेकायचं, नेमकं तिथेच.

"हे कधी केलंत?"

"कुसळ लागलं असतं," सुतार पाण्याकडे बघत म्हणाला. "मांजराला."

असे दहा रविवार गेले आणि ठकीचे केस गळायला लागले. दोघं तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली.

"आंघोळ किती वेळा घालता?"

"दर रविवारी," दोघं एकदमच म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मांजर आहे ते, फरशी नाही. पूर्ण बंद करा. तुम्हा नवराबायकोला रविवारी दुसरा काही उद्योग नाही का?"

दोघांपैकी कोणीच डॉक्टरांची चूक दुरुस्त केली नाही.

परतताना सुतार म्हणाला, "सुटली बिचारी."

"हो ना," चष्मेवाली म्हणाली. सुटकेचा आनंद टोपलीत होता, तेवढाच.

पुढच्या रविवारी दहा वाजता चष्मेवाली पुसलेलीच काच पुसत बसली होती.

"झिजेल ती," आत्या आतून म्हणाली.

तेवढ्यात सुतार आला. इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल तशीच.

"डोळे तपासायचे होते."

तिने त्याला खुर्चीत बसवलं. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मग कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं.

"काही दोष नाही."

"नसणारच."

"मग आलात कशाला?"

"दहा वाजले होते..." त्याने पेन्सिल काढली, पाहिली, परत खोचली. "परवा डॉक्टर जे म्हणाले — ती चूक तुम्ही दुरुस्त केली नाहीत."

"तुम्ही तरी कुठे केलीत?"

"मी वाटभर भीत होतो, आता तुम्ही कराल म्हणून."

चष्मेवालीच्या हातातली भिंगांची पेटी काही केल्या बंद होईना. "मी नव्हतेच करणार," ती हळूच म्हणाली. त्याने हात पुढे करून पेटी बंद केली. हात मात्र मागे घेतला नाही.

"चहा दोन कप टाकू की तीन?" आतून आवाज आला. उत्तराची वाट न बघता कपबशा वाजल्या.

त्या दोघांना एकत्र पाहताच ठकी कपाटावर पळाली होती. ही दोघं जवळ आली की पाणी येतं, एवढाच तिचा आयुष्याचा अनुभव. पण बराच वेळ झाला तरी बादली हलेना. तेव्हा ती सावधपणे उतरली, टेबलावर आली, आणि तिने चष्मेवालीचा हात हुंगला.

त्याला लाकडाचा वास येत होता.

ठकीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पंजाने दोन्ही हात एकत्र दाबून धरले आणि खरखरीत जिभेने त्यांना सावकाश आंघोळ घालायला घेतली.