स्वयंपाकघरातली ओल

ट्युनिशियातल्या नाबल गावच्या शुक्रवारच्या बाजारात कुजलेल्या कोरफडीची कुंडी घेऊन मी झाडं विकणाऱ्या त्या तरुणासमोर उभी राहिले.

"तुमच्याकडूनच नेली होती. तीन आठवड्यांत गेली."

त्यानं कुंडीतली माती बोटांत चोळली. "गेली नाही, बाई. बुडवलीत तुम्ही."

"मी पाणीच घातलेलं नाही."

त्याची बोटं थांबली. "घर कुठं तुमचं?"

"कुंभारगल्लीत, निळ्या दाराचं... का?"

"सहज विचारलं. ही रोझमेरी न्या. हिला पाण्याची हौस नाही."

त्याचं नाव ख़मैस. मी बिय्या. केफच्या डोंगरातून इथल्या शाळेत शिकवायला आलेली, एकटीच राहणारी.

रोझमेरी मी चुलीपासून लांब, खिडकीतल्या उन्हात ठेवली. पाण्याचा थेंब घातला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन कुलूप काढलं, तर कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली. आणि तिच्यातलं पाणी अजून हलत होतं... बोट बुडवलं. कोमट होतं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं सेजचं रोप दिलं, मग निवडुंग. हिवाळाभर हेच चाललं. झाड कुजायचं आणि मी बाजार गाठायची.

"झाडं खरंच मरतात," एकदा त्यानं विचारलं, "की तुम्हालाच यायचं असतं?"

"कुजकं झाड घेऊन कोण कुणाला भेटायला येतं?"

"मी वाट बघतो खरी." एवढं बोलून तो उगाच कुंड्या सारख्या करू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

एके दिवशी मात्र मला राहवलं नाही. "माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी आहे. मी रविवारी केफला परत चालले."

तो त्याच दुपारी आला. गल्लीनं बोलू नये म्हणून दार उघडंच ठेवलं. कोरडी कुंडी ओट्यावर मांडून आम्ही समोर बसलो. कॉफी उतू जायला लागली, मी उठले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे... आणि तेवढ्यात मागे पाणी ओतल्याचा आवाज झाला. हळू, सावकाश, अगदी काळजीनं.

वळून पाहिलं तर बशी भरली होती.

ख़मैस दचकला नाही. वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाला, "सलाम, लेल्ला शलबिया."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं राहिली ती इथं. झाडं माझ्या बापाकडून न्यायची. ती वारल्यापासून तीन भाडेकरू पळाले." त्यानं मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच संध्याकाळी गाडी धरली असती."

"मी इथं जीव मुठीत धरून भाजी चिरत होते. आणि तुम्ही मला निवडुंग देत होता! जा तुम्ही."

तो गेला. मी सामान बांधलं.

शनिवारी सकाळी दारात घमेलं होतं, त्यात छत्रीसारख्या पानांचं पाणगवत. तो पायरीखाली उभा होता. "पाणी नको असलेली झाडं देऊन तिला थांबवायला बघत होतो मी. चुकलं माझं. तिला पाणी घालायचंय ना, घालू दे. याची मुळं पाण्यातच राहतात." त्यानं घमेलं उंबऱ्याकडे सरकवलं. "तुम्ही जा हवं तर. झाड मात्र इथंच असू द्या."

संध्याकाळी घमेलं भरलेलं होतं. रविवारी सकाळी एक नवा कोंब वर आला होता, हिरवागार. मी ओट्याशी उभी राहून तो न्याहाळला आणि कधी नव्हे ते तिथंच निवांत चहा प्यायले.

दुपारी त्याच्या रोपवाटिकेत गेले. तो मातीत हात घालून बसला होता.

"गाडी गेली?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"गेली."

त्यानं हातांची माती झटकली. मग म्हणाला, "उद्या आईला घेऊन येऊ? रीतसर... मागणी घालायला?"

"ये."

त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं होतं.

"तुला भीती नाही वाटत त्या घराची?"

"वाटते," मी म्हणाले. "म्हणून तर तिथं एकटीनं राहायचं नाही मला."