शेजारची सतरंजी

वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी चुकून त्याच्या सतरंजीवर आडवी झाले.

"ही माझी जागा आहे," वरून आवाज आला. "पण राहू द्या. उठताना तुम्हाला फार त्रास होईल."

"कोण म्हणालं? मी कार्डावर तीन लिहिलंय."

"मी घड्याळं दुरुस्त करतो. काटा अडकला की कळतं मला..."

आमचा ध्यानाचा वर्ग जुनी दुखणी असलेल्यांचा. आत येताना कार्डावर आकडा लिहायचा – शून्य ते दहा, आज किती दुखतंय. शिवणयंत्रावर बसून माझी पाठ सहा वर्षं ठणकत होती, तरी मी रोज तीनच लिहायची. खरा आकडा एकदाच सांगितला होता, ठरलेल्या नवऱ्याला. आठवड्याभरात लग्न मोडलं. तेव्हापासून आईलासुद्धा तीनच.

"ताकाला जाऊन भांडं लपवताय," तो म्हणायचा. त्याची बोटं सांध्यांत सुजलेली असायची, आणि तो सरळ आठ लिहायचा. मला त्याचा राग यायचा आणि वर्गाची वाटही मी त्याच्यासाठीच पाहायची.

शिकवणाऱ्या बाई हळू आवाजात सांगायच्या, "दुखणं हाकलायचं नाही. श्वास सोडा, त्याच्या शेजारी बसा." मला ते कधी जमलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर त्याला बुटाची नाडी बांधता येईना. मला वाकता येईना. शेवटी त्याने पाय बाकावर ठेवला आणि मी उभ्यानेच गाठ मारली.

"छान जमतं की आपलं," तो हसत म्हणाला, मग एकदम गंभीर झाला. "मला... कायमचंच जमवायचंय."

मी तशीच निघून आले. त्याला माझा तीन आवडला असेल, आणि खरा आकडा कळल्यावर तोही निघून गेला तर? त्या रात्री मी खूप रडले.

पुढच्या वर्गाला मी कार्डावर नऊ लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे खरं आहे. रोजचं. वाईट दिवशी केससुद्धा विंचरता येत नाहीत. आता जायचं तर जा."

त्याने आकडा वाचला, घाई न करता. मग आपली सतरंजी ओढून माझ्या सतरंजीला लावली.

"घालवता नाही येणार मला ते दुखणं," तो म्हणाला. "शेजारी बसता येईल. तेवढंच शिकलोय इथे."

घंटा वाजली. मी डोळे मिटले. पाठ दुखतच होती. मी हात पुढे केला आणि त्याची सुजलेली बोटं धरली – अगदी हलकेच, दुखणार नाहीत अशी.